काळी पाचचा घंटानाद : रावेल यांचे ‘गास्पार द ला नुई’ ध्वनिमुद्रणांतून कसे ऐकावे

ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला फ्रेंच पियानोसंगीत पहिल्यांदा ऐकताना बहुधा वेगाचेच अप्रूप वाटते आणि बाकीचे निसटून जाते. मोरिस रावेल यांनी १९०८ मध्ये लिहिलेले ‘गास्पार द ला नुई’ हे याचे ठळक उदाहरण आहे. रशियन संगीतकार बालाकिरेव यांच्या ‘इस्लामे’ या पियानोरचनेपेक्षाही अवघड काही लिहायचे, असे ठरवूनच त्यांनी ते रचले, परंतु बोटे धावत असताना आवाज कुजबुजीपलीकडे जाऊ न देणे, ही त्यातील खरी कसोटी आहे. नाशिकमध्ये ही रचना प्रत्यक्ष ऐकण्याचा योग मला अद्याप आलेला नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत, एवढेच येथे सांगतो.

आरंभीचे सूर इतके हळू आहेत की गंगापूर रोडलगतच्या माझ्या घरात रात्री दहाच्या आत ते ऐकूच येत नाहीत. म्हणून वर्दळ ओसरल्यावर, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून बसावे. मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये सर्व गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय असल्यास ती बंद करावी आणि आवाजाची पातळी एकदा ठरवल्यावर मध्येच वाढवू नये, कारण पुढे येणारा कडेलोट तेवढ्याच पातळीवर ऐकायचा असतो.

रचनेचे तीन भाग आहेत आणि तिन्ही फ्रेंच कवी आलोझियुस बेर्त्रां यांच्या गद्यकवितांवर बेतलेले आहेत. माझा सल्ला असा की, सुरुवात पहिल्या भागाने न करता मधल्या ‘ल जिबे’ने, म्हणजे ‘फाशीच्या खांबा’ने करावी. या संपूर्ण भागात दूरच्या घंटेसारखा एकच सूर दीडशेहून अधिक वेळा वाजतो. तो बी फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाच. ऐकण्यापूर्वी तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर काळी पाच लावून दोन मिनिटे तो सूर कानात मुरू द्यावा आणि मग तानपुरा बंद करून ध्वनिमुद्रण लावावे. घंटेचा सूर जागचा हलत नाही, पण भोवतीचे स्वरसमूह बदलत राहतात, आणि षड्ज बदलला की त्याच स्वराचे नाते बदलावे, तसा तो कधी आधार वाटतो तर कधी खुपतो.

येथे वादकाची परीक्षा सोपी आहे. घाई करू नये आणि शेवटपर्यंत मंदावूही नये, अशी सूचना रावेल यांनी लिहूनच ठेवली आहे. तेव्हा बोटाने मांडीवर लय धरून घंटा तिच्या जागी येते का, हे तपासावे. ९ जानेवारी १९०९ रोजी पॅरिसमध्ये ही रचना प्रथम वाजवणारे रिकार्दो विन्येस यांना वाटे की, लिहिल्याप्रमाणे वाजवले तर श्रोते कंटाळतील. रावेल यांनी पुढे एका पत्रात त्याबद्दल नाराजी नोंदवली आहे. आपल्याकडे अतिविलंबित लय सहज पचवणाऱ्या श्रोत्याला हा वाद थोडा गमतीदार वाटेल.

तुलनेसाठी दोनच ध्वनिमुद्रणे घ्यावीत. पाच घेतली की कान भांबावतो. व्लादो पेर्लम्युतेर यांनी १९२७ मध्ये स्वतः रावेल यांच्यापाशी त्यांच्या पियानोरचनांचा अभ्यास केला होता, आणि सत्तरीच्या आसपास त्यांनी निंबस कंपनीसाठी या रचना मुद्रित केल्या. त्या वयात बोटांची सफाई काहीशी उणी भासते, परंतु सुरांचे थर एकमेकांपासून स्पष्ट वेगळे राहतात. मार्था आर्गेरिच यांच्या १९७४ मधील ध्वनिमुद्रणात उलट विजेचा संचार आहे. ‘ल जिबे’साठी मी पेर्लम्युतेर यांच्याकडे वळतो, शेवटच्या ‘स्कार्बो’साठी निःसंशय आर्गेरिच यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भागाकडे, ‘ओंदीन’कडे वळावे. ओंदीन ही जलपरी आहे. धरणातून विसर्ग सुरू असताना सोमेश्वरचा धबधबा जसा गर्जतो, तसे पाणी येथे थोडाच वेळ येते. एरवी ते हिवाळ्यात काळ्या खडकावरून ओघळणाऱ्या पातळ धारेसारखे राहिले पाहिजे. उजव्या हाताच्या थरथरत्या स्वरसमूहांकडे दुर्लक्ष करून त्यांच्याखालून सरकणारी चाल धरावी. ती झाकली जात असेल, तर वादक कितीही चपळ असला तरी भाग फसला.

‘स्कार्बो’ हा रात्री खोलीत धुमाकूळ घालणारा खुजा पिशाच्च आहे. त्यातील एकाच पट्टीवरचे झपाट्याचे पुनरावर्तन शक्य होते ते सेबास्तियां एरार यांच्या, १८२१ मध्ये पेटंट झालेल्या यंत्ररचनेमुळे, कारण तीत पट्टी पूर्ण वर येण्याआधीच हातोडी पुन्हा प्रहार करू शकते. प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो की नुसता खडखडाट होतो, एवढेच पाहावे. कवितेत तो पिशाच्च अखेर मेणबत्तीसारखा एकाएकी विझतो आणि संगीतही तसेच संपते. म्हणून अ‍ॅपमधील पुढचे गाणे आपोआप लागण्याची सोय आधीच बंद करून ठेवावी.