रताळ्याच्या वरंब्याला भेगा पडल्यात, आधी त्या बुजवा

भात कापल्यावर नोव्हेंबरात कोकणातल्या मळ्यात लावलेली रताळी आता ५०-६० दिवसांची झाली. वेल हिरवागार, बांधावरून बघितलं तर सगळं झकास. पण पहाटेचा मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) माती सुकवतोय, पाण्याची पाळी लांबतेय आणि खाली कंद फुगतोय. भाताच्या मळ्यातली चिकट माती अशा वेळी तडकतेच. वेल हाताने बाजूला सारा आणि बुडाशी बघा. भेग दिसली तर पुढचं नंतर वाचा, आधी फावडं घ्या.

कारण सोंड्या भुंगा. मुंगळ्यासारखा दिसतो, लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, मान तांबडी, पाठ निळसर काळी. त्याच्या मादीला माती उकरता येत नाही. भेग नसेल तर कंदापर्यंत तिची मजलच जात नाही. भेग असेल तर सरळ खाली उतरते, सालीला भोक पाडून अंडं घालते आणि अळी आतून पोखरत जाते. महिन्याभरात नवा भुंगा तयार. म्हणजे आजची भेग महाशिवरात्रीपर्यंत तशीच राहिली तर दुसरी पिढीही तुमच्याच वरंब्यात.

आमच्या वाडीत दर वर्षी कुणाचं तरी असं होतं. जानेवारीत घरचे सगळे आंब्याच्या कलमांच्या फवारणीला, रताळ्याकडे बघायला कोण? काढणीला रताळं बाहेरून लालबुंद आणि टणक. विळीवर धरलं की आत काळ्या रेघा आणि टर्पेंटाइनसारखा उग्र वास. उकडल्यावर कडू जहर. अळीने पोखरलं की कंद स्वतःच ते कडू द्रव्य तयार करतो, म्हणून किडका भाग कापून टाकला तरी चव जात नाही. असली रताळी गुरांनाही घालू नका. सडकी-बुरसट खाल्ली तर गुरांच्या फुप्फुसाला सूज येते.

दुकानात गेलात तर दाणेदार विष किंवा ‘कंद फुगवणारं’ टॉनिक हातात ठेवतील. अळी कंदाच्या आत असते, वर टाकलेलं विष तिला काय करणार? आणि टॉनिकने भेग बुजत नाही. तो पैसा दोन गड्यांच्या मजुरीला द्या. भर, म्हणजे वेलाच्या बुडाशी मातीचा थर, लागवडीनंतर ३० दिवसांनी एकदा आणि ६० दिवसांनी पुन्हा लावायची. दुसरीच सगळे चुकवतात. पाणी दिल्यावर वाफसा येऊ द्या (माती ओलसर, पण चिखल नाही), मग सरीतली माती ओढून वरंब्यावर चढवा, बुडाशी हाताने दाबा. कोरड्या ढेकळांची भर म्हणजे नुसती पोकळी. माझा अंदाज असा, की मतलई सलग चार दिवस वाहिला तर पाचव्या दिवशी फेरी मारावीच.

भुंगे धरायला रताळ्याचाच सापळा करा. १०० ग्रॅमचे तुकडे ५-५ मीटरवर ठेवायचे, लागवडीनंतर ५० ते ८० दिवसांच्या काळात दर १० दिवसांनी नवे. भुंगा रात्री फिरतो, म्हणून मी तिन्हीसांजेला ठेवतो आणि उजाडताच भुंगे साबणाच्या पाण्यात झटकतो. कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर भुंगे ओढणारा) मिळाला तर उत्तमच. किनाऱ्यालगत शेत असेल तर पुळणीवरच्या (किनाऱ्याच्या वाळूवरच्या) मर्यादवेलीकडेही लक्ष असू द्या. ती रताळ्याचीच भावकी, भुंगा तिच्यावरही जगतो.

‘या जातीला कीड लागत नाही’ म्हणून महाग बेणं विकतात. पूर्ण दाद न देणारी जात अजून नाही. जात ठरवते गराचा रंग, गोडी, पिठूळपणा, तयार व्हायचे दिवस आणि कंद किती खोल बसेल ते. दापोली विद्यापीठाची कोकण अश्विनी साडेतीन महिन्यांत निघते. भू सोनाचा गर केशरी, भू कृष्णाचा जांभळा. उथळ कंदाच्या जातीला भुंगा लवकर गाठतो, एवढा फरक खरा. बाकी जमीन ठरवते. एकाच वेलाचे तुकडे पुळणीच्या रेताड जमिनीत सरळ रताळी देतात, जांभ्याच्या खडकाळ वरकशीत (उंचावरच्या हलक्या जमिनीत) वेडीवाकडी.

बटाटा का लावत नाही, असं मुंबईकर विचारतात. त्याचा कंद रात्री १५ ते २० अंश असताना नीट धरतो. कुफरी सूर्या थोडी जास्त ऊब सोसते, पण आपल्या किनाऱ्यावर गार रात्रींचा हंगाम आखूडच.

बाकीची कामं:

- खत (केंद्रीय कंद पीक संशोधन संस्था, तिरुवनंतपुरम): हेक्टरी शेणखत ५ टन, नत्र-स्फुरद-पालाश ५०:२५:५० किलो
- गुंठ्याला युरिया सुमारे १.१ किलो, अर्धा लागवडीला, उरलेला एक महिन्याने. आता देऊ नका, नुसता वेल माजेल
- तण काढणे, पाणी तुंबू न देणे
- पाणी बेताने पण नियमित. ताण देऊन एकदम भरलं की कंद फुटतात
- पुढच्या बेण्यासाठी वेलाचा शेंडा घ्या, बुडखा नको. बुडख्यात अंडी असतात

दिवस भरले की काढा. शिवरात्रीला भाव येईल म्हणून पंधरा दिवस जमिनीत ठेवलेली रताळी भुंग्याच्या घशात गेलेली मी पाहिलीत. काढल्यावर मळ्यात राहिलेले तुकडे आणि बुडखे वेचून जाळा किंवा खोल पुरा. बांधावर फेकलेत तर भुंगा पावसाळी रताळ्यांवर येईल.