गाडीखालचा काळा डाग पावसाआधी बघून घ्या

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत दर मे महिन्यात गाड्यांखालचे तेलाचे डाग काढायला पार्किंग धुतात, धुण्याची पावडर टाकून खराट्याने घासायचं आणि सगळं पाणी गटारात, फरशी कशी लख्ख. पण हे पावसाळी गटार आहे हो, संडास-बाथरूमच्या पाण्यासारखं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला जात नाही, नाल्यातून होल्डिंग पाँड (पावसाचं पाणी साठवायचं तळं) आणि पुढे खाडी. तीच ठाणे खाडी, जिला २०२२ मध्ये रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला आणि जिथे आपण फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातो.

आता तुम्ही म्हणाल, गाडीतून गळणाऱ्या तेलाच्या चार थेंबांनी काय होतंय. रोज २० थेंब म्हणजे साधारण १ मिली, वर्षाला ३६५ मिली. पाण्यावर जो इंद्रधनुषी तवंग दिसतो तो एक मायक्रॉन जाड धरला तरी १ मिलीमध्ये १ चौरस मीटर झाकला जातो. आणि हेच तेल तिवरांच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांवर बसलं की झाड गुदमरतं.

तर आज रात्री इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी नुसतं पाणी दिसलं तर ते एसीचं, सोडून द्या. हिरवं किंवा गुलाबी असेल तर बहुतेक कूलंट, लाल असेल तर गिअरबॉक्स नाहीतर स्टिअरिंगचं, काळं-तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर तेलकट दिसलं तर मात्र ब्रेक ऑइल असू शकतं, गाडी हलवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

इंजिन ऑइल असेल तर लगेच इंजिन खोलायला हो म्हणू नका. तेल वरून ओघळत खाली येतं, थेंब पडतो तिथेच लीक असेल असं नाही, म्हणून आधी इंजिन पुसून घ्यायला सांगा, थोडा वेळ चालू ठेवा, मग टॉर्च मारून बघा. स्वस्तातलं आधी: ड्रेन प्लगचा (तेल काढायच्या बुचाचा) वॉशर, ऑइल फिल्टर, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग. ऑइल सीलचा (फिरत्या शाफ्टभोवतीच्या रबरी रिंगचा) खर्च शेवटी, कारण त्यात मजुरीच जास्त जाते.

आणि जुना डाग पाण्याने अजिबात नाही. सुताराकडून लाकडाचा भुसा आणा (फुकट देतो बहुतेक), रात्रभर दाबून ठेवा, सकाळी घासून झाडून पिशवीत बांधा आणि घातक कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्यात नको.

सर्व्हिसिंगनंतर गॅरेजवाला जुनं ऑइल कॅनमध्ये भरून देऊ का विचारतो, शटरला होईल, वाळवीला होईल म्हणून. घेऊ नका, केंद्राच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत ते येतंच, रिसायकलवाल्याकडे जाऊ दे. आमच्याकडे एकांनी घेतलं होतं, कॅन गच्चीवर सांडला आणि पहिल्याच पावसात सगळं पाइपातून खाली.