आईच्या बीपीच्या वहीपासून वॉर्डाच्या नकाशापर्यंत

आर (आकडेवारी तपासायची आणि आलेख काढायची संगणकभाषा) शिकायला कुठून सुरुवात करू, असं कॉलेजातली धाकटी मुलं विचारतात. मी सांगते, घरातली एखादी वही उघडा. माझी सुरुवात आईच्या बीपीच्या वहीने झाली.

भांडुपला आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी रोज बीपी मोजून लिहायला सांगितलं होतं आणि आईने चार महिने तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा असं नेमाने लिहिलं. मी ते सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) भरलं. पहिला फटका तारखांनी दिला. ०३/०७/२०२३ असं लिहिलेलं मजकुराची तारीख करणाऱ्या 'ॲज डॉट डेट' या आज्ञेला नुसतं दिलं की आर ती तारीख इसवी सन ३ मधली समजतो, आणि तक्रारही करत नाही. त्यासाठी लुब्रिडेट या पॅकेजमधलं (पॅकेज म्हणजे आरला जोडायचा तयार आज्ञांचा संच) 'डीएमवाय', म्हणजे दिवस-महिना-वर्ष, वापरा.

तारखेनुसार रेषा काढली तर ती इतकी वरखाली की काही कळेना. मग आडव्या अक्षावर दिवसातली वेळ घेतली आणि रेषेऐवजी ठिपके ठेवले. संध्याकाळी सहा-सातचे ठिपके बाकीच्यांच्या वर. आई त्या वेळी भाजी घेऊन चार जिने चढून यायची आणि लगेच पट्टा बांधायची! डॉक्टरांनी तो आलेख पाहिला आणि आधी पाच मिनिटं शांत बसून मग मोजायला सांगितलं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात हीच गोष्ट मोठ्या आकारात समोर आली. मुंबईचे तेव्हाचे २४ वॉर्ड आणि प्रत्येकातले डेंग्यूचे रुग्ण. पहिल्या नकाशात दोन वॉर्ड राखाडी आले, कारण एका फाइलीत 'एफ साउथ' होतं आणि दुसरीत 'एफ/एस'. माणसाला दोन्ही एकच, जोडणी करताना आरला नाही. नावं सारखी केल्यावर नकाशा भरला, पण तो नुसता लोकसंख्येचा नकाशा होता. २०११च्या जनगणनेत बी वॉर्डात सव्वा लाखाच्या आसपास माणसं होती आणि मालाडच्या पी नॉर्थमध्ये नऊ लाखांहून जास्त. रुग्णांचा नुसता आकडा रंगवला तर पी नॉर्थ गडद दिसणारच. म्हणून दर लाखामागे किती, हे आधी काढा.

आणि तरीही थांबा. एफ साउथमध्ये परळ येतं, तिथे केईएम, टाटा, वाडिया ही मोठी रुग्णालयं. गावाहून उपचाराला आलेला माणूस बऱ्याचदा लालबाग-परळच्या नातेवाइकाचा पत्ता लिहितो. तेव्हा वॉर्डाच्या रकान्यात राहतं घर आहे, उतरलेलं घर आहे की रुग्णालय, हे नोंद करणाऱ्यांना विचारल्याशिवाय मी आता नकाशा काढत नाही. या एका प्रश्नाने माझं जितकं काम सुधारलं तितकं कुठल्याही पॅकेजने नाही.

पावसाळ्यातलं एक सांगते. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण आणि सांताक्रूझच्या वेधशाळेत मोजलेला पाऊस एकाच तारखेला जुळवू नका. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लक्षणं दिसायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात, म्हणून पाऊस तितका पुढे सरकवून पाहावा लागतो. इथे आकडे पुढे सरकवणारी 'लॅग' ही आज्ञा लिहिण्याआधी डीप्लायर हे पॅकेज चालू केलंय ना, ते बघा. ते नसेल तर आरचं मूळचं 'लॅग' चालतं आणि साध्या स्तंभातले आकडे जागचे हलत नाहीत. मी दोन दिवस तोच आलेख बघत बसले होते.

आलेखावरची नावं मराठीत लिहा, असा माझा आग्रह आहे. ज्यांच्या आजाराचा तो आलेख आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे. सुरुवातीला जोडाक्षरं तुटतील, वेलांट्या भलतीकडे जातील. चित्र रॅग पॅकेजमधून साठवा आणि मुक्ता हा फॉन्ट घ्या. तो मोफत आहे, मुंबईच्याच 'एक टाइप'ने केलेला. 'रुग्ण' आणि 'वॉर्ड' नीट उमटले की बाकीचं सहसा उमटतं.

आईचा आलेख तसाच छापून फ्रिजवर लावलाय. तिने स्वतःहून वहीत एक नवा रकाना आखला आहे: 'बसून किती वेळ झाला'.