लंब्रिजला उतरल्यावर आधी कुऱ्हाड बाजूला ठेवा

ट्युटोरियल आयलंड हे शिकाऊंचं बेट संपवून ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात लंब्रिज गावच्या किल्ल्यासमोर उतरलं, की बहुतेक नवे खेळाडू हातातल्या कुऱ्हाडीने दिसेल ते झाड तोडायला लागतात. लाकडं तोडायची, जाळायची, पुन्हा तोडायची. लेव्हल वाढली की फटाके उडतात, बरंही वाटतं. तरी मी सांगेन, कुऱ्हाड राहू द्या आणि किल्ल्यात शिरून स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याशी बोला.

हिशेब तपासणं हा माझा पेशा आहे, त्यामुळे कुठलाही खेळ हातात आला की मी आधी आकडे बघते. इथले आकडे असे: लेव्हल २ ला लागतात ८३ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. लेव्हल ९९ ला लागतात १,३०,३४,४३१. आणि यातला जवळपास बरोबर निम्मा एक्सपी होतो तो ९२ व्या लेव्हलला, म्हणजे शेवटच्या सात लेव्हल्सना पहिल्या ९२ इतकेच कष्ट. यातून नवख्याने घ्यायचं ते एवढंच, की सुरुवातीच्या लेव्हल्स आकड्यात स्वस्त असतात, पण हत्यारं भिकार असल्यामुळे वेळाच्या हिशेबात महाग पडतात. तो वेळ वाचवायची सोय खेळातच आहे, ती म्हणजे क्वेस्ट, खेळातल्या पात्रांनी सोपवलेली कामगिरी.

आचाऱ्याची क्वेस्ट, कुक्स असिस्टंट, अगदी साधी. अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ आणून द्यायचं. अंडं कोंबड्यांच्या खुराड्यापाशी मिळतं, दूध गाईचं. पिठासाठी शेतातून गहू काढायचा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर हॉपरमध्ये टाकायचा, तिथला दांडा ओढायचा आणि खाली येऊन भांड्यात पीठ भरायचं. दांडा ओढायचा राहिला, तर खाली येऊन रिकाम्या पेटीकडे बघत बसाल. बक्षीस ३०० एक्सपी कुकिंगचे. फार नाही, पण या एका फेरीत नकाशा, इन्व्हेंटरीचे, म्हणजे सामानाच्या पिशवीचे, २८ खण आणि माणसांशी बोलायची पद्धत असं सगळंच हाताखालून जातं.

खरी मजा पुढे. व्हॅम्पायर स्लेअर पूर्ण केली की अटॅकचे ४,८२५ एक्सपी मिळतात, म्हणजे लेव्हल १ वरून थेट २०. नाइट्स सोर्ड स्मिथिंगचे १२,७२५ देते, म्हणजे १ वरून २९. ब्राँझचे खंजीर ठोकत तिथे पोचायचं म्हटलं तर ऐरणीपुढे म्हातारपण येईल. या दुसऱ्या क्वेस्टला मायनिंग लेव्हल १० लागते, आणि ती मात्र आधी करून ठेवावीच लागते. थर्गो नावाचा बुटका रेडबेरी पाय (बेऱ्या भरून भाजलेला गोड पदार्थ) खाल्ल्याशिवाय दाद देत नाही. शेवटी ब्लुराइट नावाचा धातू आणायला बर्फाच्या गुहेत उतरायचं असतं आणि तिथे पन्नाशीच्या पुढच्या लेव्हलचे आइस वॉरियर आणि आइस जायंट स्वतःहून अंगावर येतात. त्यांच्याशी लढायचं नाही. इन्व्हेंटरी खाण्याने भरायची, पिकॅक्स जवळ ठेवायची, पळत आत जायचं, दगडावर क्लिक करायचं आणि पळत बाहेर यायचं. क्वेस्टला एकच ब्लुराइट लागतं, पण निभावत असेल तर दोन काढा. काही गडबड झाली तर पुन्हा त्या थंडीत जायला नको.

क्वेस्टच्या यादीत लाल म्हणजे सुरू न केलेली, पिवळी म्हणजे अर्धवट, हिरवी म्हणजे पूर्ण. कुठे अडलात तर मिनीमॅपजवळच्या विकीच्या बटणावर क्लिक करा, यात कसलाही कमीपणा नाही. जुने खेळाडूही विकी उघडी ठेवूनच खेळतात. रूनलाइट या क्लायंटमध्ये, म्हणजे खेळ चालवायच्या पर्यायी सॉफ्टवेअरमध्ये, क्वेस्ट हेल्पर नावाचं प्लगइन आहे, ते पुढची पायरी बाण दाखवून सांगतं. फक्त रूनलाइट घ्यायचं ते खेळ बनवणाऱ्या जागेक्स कंपनीच्या लाँचरमधूनच. सर्च इंजिनमध्ये शोधून वर दिसेल त्या लिंकवरून काहीही डाउनलोड करायचं नाही, कारण पासवर्ड पळवायला हुबेहूब दिसणारी बनावट पानं केलेली असतात. आणि एक विनंती: पहिल्या काही क्वेस्ट्समधले संवाद स्पेसबार दाबून उडवून लावू नका. लिहिणाऱ्यांनी त्यात तिरकस विनोद भरून ठेवलाय.

आता लढाई. या खेळाचं घड्याळ ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतं, त्याला टिक म्हणतात. सिमिटर, म्हणजे वाकडी तलवार, दर चार टिकला, म्हणजे २.४ सेकंदांनी एक वार करते. दोन हातांची मोठी तलवार सात टिकला, ४.२ सेकंदांनी. मोठी तलवार दिसायला भारी असते म्हणून नवखे तिच्यामागे धावतात. सिमिटर घ्या. स्टील लेव्हल ५ ला, मिथ्रिल २० ला, ॲडमंट ३० ला, रून ४० ला, अशी चढत जा. लढताना कॉम्बॅटच्या टॅबमध्ये कोणती स्टाइल निवडलीय ते बघत राहा, कारण एक्सपी कुठे जमा होणार ते तिथे ठरतं: अ‍ॅक्युरेटला अटॅक, अ‍ॅग्रेसिव्हला स्ट्रेंग्थ, डिफेन्सिव्हला डिफेन्स. तिन्हीत मी स्ट्रेंग्थला झुकतं माप देते, कारण वार जितका मोठा बसतो तितका एक्सपीही जास्त मिळतो. सुरुवातीला कोंबड्या, मग पुलापलीकडचे गॉब्लिन, मग गाई. गाईंची कातडी टाकून देऊ नका, ती विकली जातात.

लंब्रिजहून वॅरॉकला चालत निघालात की शहराच्या दक्षिणेला काळे झगे घातलेले डार्क विझार्ड उभे असतात, लेव्हल ७ चे आणि २० चेही. नवख्यांचं स्मशान आहे ते. तुमची कॉम्बॅट लेव्हल राक्षसाच्या दुपटीहून जास्त झाली की सहसा तो स्वतःहून वाटेला जात नाही; तोवर तिथून लांबूनच वळसा घाला. तरीही मेलात तर घाबरू नका. सगळ्यात मोलाच्या तीन वस्तू जवळ राहतात आणि बाकीच्या तुमच्या कबरीत १५ मिनिटं सुरक्षित असतात. तिथवर परत चालत जाऊन त्या उचलायच्या.

वाइल्डरनेसमध्ये मात्र हा नियम विसरा. वॅरॉक आणि एजव्हिलच्या उत्तरेला खंदक आहे, तो ओलांडला की दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात आणि तुमचा माल त्यांचा होतो. क्वेस्टने किंवा कामाने जावंच लागलं तर गमावलं तरी चालेल एवढंच अंगावर घाला.

आणि कोणी बोलावतोय म्हणून तर तिकडे कधीच जाऊ नका. इथे जरा थांबून सांगते, कारण या खेळात राक्षसांपेक्षा माणसं जास्त लुबाडतात. ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या बाजाराच्या चौकात कोणीतरी ओरडत असतो, सोनं द्या, दुप्पट करून देतो. पहिल्यांदा थोडे द्याल तर खरंच दुप्पट देईल. तो तुमच्या मोठ्या रकमेची वाट बघतोय. दुसरा सहज ओळख काढेल, चार चिलखतं फुकट देईल आणि मग म्हणेल, चल, उत्तरेकडे एक भारी जागा दाखवतो. तिसरा ट्रेडच्या पहिल्या खिडकीत महागडी वस्तू ठेवेल आणि ऐनवेळी काढून तशीच दिसणारी स्वस्त वस्तू ठेवेल. ट्रेडची दुसरी खिडकी असते ती याचसाठी. तिच्यावरचा शब्द न् शब्द वाचा, आकड्यातली शून्यं मोजा, मगच होकार द्या. घाई करणारा माणूस दिसला की मी ट्रेड सरळ बंद करते, कारण विचारत नाही.

बँकेला चार आकडी पिन लावा आणि अकाउंटला ऑथेंटिकेटर, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारं ॲप, जोडा. मग वॅरॉकच्या पश्चिमेला बार्बेरियन व्हिलेजमधल्या स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटीत उतरा. आतली दारं पासवर्ड आणि फसवणुकीबद्दल प्रश्न विचारतात. चार मजले आहेत. पहिल्या तीन मजल्यांवर २,०००, ३,००० आणि ५,००० नाणी, चौथ्यावर बुटांचा जोड. नवख्यासाठी दहा हजार ही दणदणीत सुरुवात आहे. खालच्या मजल्यांवरचे प्राणी चावरे आहेत, म्हणून खाणं न्या, एका दारातून दुसऱ्या दारात पळत राहा आणि मधे कुठे रेंगाळू नका.

पैसे भरून मिळणाऱ्या मेंबरशिपची घाई करू नका. मोफत भागातही १५ स्किल्स आहेत, आणि त्यात मन रमतंय का ते आधी कळू द्या. पुढे खेळातल्या सोन्याने बाँड विकत घेऊनही १४ दिवसांची मेंबरशिप मिळते, पण बाँड महाग असतात आणि नवख्याने तेवढ्यासाठी रात्र रात्र मासे धरत बसणं मला पटत नाही. मेंबर झालात की पहिल्याच दिवशी वॉटरफॉल क्वेस्ट करा. तिला कुठल्याच स्किलची अट नाही आणि अटॅक व स्ट्रेंग्थ दोन्हींत १३,७५० एक्सपी मिळतात, म्हणजे दोन्ही १ वरून ३०. ग्लेरियलच्या थडग्यात शस्त्र किंवा चिलखत घेऊन जाता येत नाही, तेव्हा ते आधीच बँकेत ठेवून निघा. तिथले मॉस जायंट आणि पुढे धबधब्यामागचे फायर जायंट यांना नुसतं चुकवून पळायचं असतं. दोर बरोबर घ्या, रन एनर्जी पूर्ण भरलेली असू द्या आणि उरलेल्या सगळ्या खणांत खाणं भरा.