आयसीयूबाहेरच्या नातेवाइकांशी रोज कसं बोलावं

आयसीयूबाहेर भांडण पेटतं ते पुष्कळदा उपचारांपेक्षा "आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही" यावरून. म्हणून पेशंट दाखल होतानाच घरातला कोणता एक माणूस माहिती घेणार आणि कोणत्या दोन वेळांना, हे ठरवून घ्या. संध्याकाळी 6 म्हटलं तर 6 ला भेटा. ऑपरेशनमध्ये अडकलात तर सिस्टरकडून निरोप पाठवा. तासभर ताटकळलेल्या माणसाच्या कानात नंतर काही शिरत नाही.

जाता जाता कॉरिडॉरमध्ये सांगू नका. त्यांना बसवा, स्वतः बसा आणि आधी विचारा, "सकाळी सांगितलं त्यातलं काय समजलं?" गैरसमज तिथेच उघडा पडतो. व्हेंटिलेटर म्हटलं की कुणाला वाटतं सगळं संपलं, कुणाला वाटतं बिल वाढवायला लावलाय. तेव्हा सांगा, "मशीन श्वासाला आधार देतंय, आजार बरा करत नाही. न्यूमोनियावर औषध लागू पडेपर्यंत वेळ मिळावा म्हणून लावलंय." नुसतं "सिरियस आहे" म्हणून उठू नका. "काका यातून वाचतील याची खात्री देता येत नाही" असं सरळ सांगा आणि अर्धा मिनिट गप्प राहा. ते अर्धं मिनिट फार जड जातं, पण मनातला खरा प्रश्न त्यानंतरच ओठांवर येतो. "काळजी करू नका" मात्र म्हणू नका. रात्री तब्येत ढासळली की तेच वाक्य तुमच्यावर उलटतं.

काय सांगितलं, कुणाला, किती वाजता हे केसपेपरवर मराठीत लिहून सही घ्या. बिलाचा आकडा रोज कळू द्या, पण काउंटरवरून.

तिसऱ्या दिवशी गावाहून भाऊ येतो आणि आवाज चढवतो. त्याने आधीचं काहीच ऐकलेलं नसतं, म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून सगळं सांगा. घोळक्याशी बोलू नका; दोघांनाच आत घ्या, स्वतः दाराजवळ बसा. हात उगारला गेला तर बोलणं तिथेच थांबवून बाहेर पडा आणि पोलिसांना बोलवा. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने हा अजामीनपात्र गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण आवाज चढलेला असताना हे कलम तोंडावर फेकू नका, आगीत तेल पडतं.

पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने केसपेपरच्या प्रती मागितल्या तर कपाळाला आठ्या नकोत. डॉक्टरांच्या आचरणाविषयीच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे त्या 72 तासांत द्यायच्याच असतात. टाळाटाळ केली की "काहीतरी लपवताहेत" हा संशय पक्का होतो, म्हणून शक्यतो त्याच दिवशी द्या.