जूनची फी जानेवारीत: घरखर्चाचं वर्ष कसं आखावं

आमच्याकडे दर डिसेंबरअखेरीस पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड डायरी यायची. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात ‘जमा’ आणि ‘खर्च’. १ तारखेला दूध, पेट्रोल, इस्त्री, कोथिंबिरीची जुडी, सगळं लिहून काढलेलं. हा उत्साह साधारण ९ तारखेपर्यंत टिकायचा आणि पुढची पानं मुलाच्या रेघोट्यांना मिळायची. अशा चार डायऱ्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं की कोथिंबिरीने आमचं बजेट कधी मोडलंच नव्हतं. ते मोडायचं जूनमध्ये शाळेच्या फीने, मग गणपतीत, मग दिवाळीत. आणि दर वेळी आम्ही दोघं एकमेकांना सांगायचो, “या महिन्यात अचानक खर्च निघाला.” गणपती अचानक कसे येतील? जानेवारीपासून भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेले असतात.

म्हणून मी काटकसरीची सुरुवात चहा सोडण्यापासून करत नाही, वर्षाकाठच्या मोठ्या खर्चांपासून करते. पुण्यात नवं वर्ष तसं बरेचदा येतं: १ जानेवारी, गुढीपाडवा, १ एप्रिल, आणि दुकानदारांचा दिवाळी पाडवा. हिशोबाला जानेवारी सोयीचा, कारण तिथून जून पाच महिने लांब असतो.

आधी मागे बघा

एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट उघडा. शक्य असेल तर छापून घ्या, मोबाइलवर नजर घसरते. दोन रंगांची पेनं घ्या. ठरलेले खर्च एका रंगाने: घराचा हप्ता किंवा भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, गॅस, मावशींचा पगार, शाळेची रिक्षा. बाकी सगळे दुसऱ्या रंगाने. बेरजा करायची घाई नको, आधी नुसतं वाचा.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसऱ्या रंगात एकाच महिन्यात २३ वेळा घरपोच किराणा निघाला. लिंबं, ब्रेड, पुन्हा लिंबं. कोपऱ्यावरचं दुकान आमच्या दारापासून शंभर पावलांवर आहे. वस्तू महाग नव्हत्या, पण दर वेळी डिलिव्हरीचे पैसे, आणि ते वाचवायला टोपलीत टाकलेलं एखादं चिप्सचं पाकीट. शिवाय कुणीच बघत नसलेल्या एका मालिकांच्या ॲपचे पैसे आठ महिने आपोआप कापले जात होते. घरात विचारलं तर प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा बघतो. ते त्याच दुपारी बंद केलं. पहिल्या बैठकीत एवढंच करा, उगाच स्वतःला आणि घरच्यांना फैलावर घेऊ नका.

कॅलेंडर खाली उतरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, तिला एक संध्याकाळ द्या. भिंतीवरचं कॅलेंडर टेबलावर घ्या आणि बारा पानं एकेक करून उलटा. वर्षातून एकदा-दोनदाच येणारा प्रत्येक खर्च त्या त्या महिन्यात पेन्सिलीने लिहा. आमच्या सासूबाई अजून कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात. दूध नाही आलं की तारखेवर फुली, महिनाअखेरीस फुल्या मोजायच्या आणि दूधवाल्याशी तेवढंच भांडायचं. त्यामुळे हे काम त्यांच्याकडे दिलं, कारण त्यांना असे खर्च आठवतात जे आम्हाला आठवत नाहीत.

उदाहरणार्थ, मी २०२६ चं पान उलटत होते तेव्हा त्यांनी थांबवलं. “यंदा अधिक आहे ना गं? जावयाचं वाण राहिलं.” खरंच, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. तीन वर्षांनी एकदा येणारा महिना कुठल्याच बजेटच्या ॲपला ठाऊक नसतो. त्याच अधिकामुळे यंदा गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळीचा खर्च ऑक्टोबरच्या पगारातून निघेल की नोव्हेंबरच्या, हे दरवर्षी बदलतं आणि आधीच बघावं लागतं.

समजायला सोपी जावी म्हणून एका मध्यम घराची यादी देते. आकडे नमुन्याचे, तुमचे तुम्ही घाला.

मार्च-एप्रिल: वर्षाचे गहू-तांदूळ, हळद-तिखट-मसाला – १४,०००
एप्रिल-मे: मिळकतकर – ९,०००
मे: गावी जाणं, लग्नाचे आहेर, अधिकाचं वाण – १४,०००
जून: शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट – ३६,०००
जुलै: दोन दुचाकींचा विमा आणि सर्व्हिसिंग – ७,०००
सप्टेंबर: गणपती-गौरी – ८,०००
नोव्हेंबर: दिवाळी, मावशींचा जादा पगार धरून – २०,०००
डिसेंबर: आरोग्यविम्याचा हप्ता – २४,०००

बेरीज १,३२,०००. भागिले बारा, महिना ११,०००. पगार ६२,००० असेल तर तो ५१,००० च आहे असं समजून चालायचं. हे ऐकून आमच्याकडे क्षणभर शांतता पसरली होती, तुमच्याकडेही पसरेल.

आता यातली गोम, जी मला पहिल्या वर्षी जूनमध्येच कळली. बारा भाग समान असले तरी खर्च समान येत नाहीत. जानेवारीपासून जूनपर्यंत या बाजूला काढलेल्या पैशांच्या डब्यात ६६,००० जमतात, पण जूनअखेर खर्च होतात ७३,०००. सात हजार कमी पडतात. तेव्हा फक्त पहिल्या वर्षी, पहिले सहा महिने, ११,००० ऐवजी १२,२०० बाजूला काढा. दुसऱ्या वर्षापासून मागची शिल्लक हा खड्डा भरते. ते जमत नसेल तर मार्चमध्ये वर्षाचं धान्य न भरता तीन-तीन महिन्यांचं भरा. थोडं महाग पडतं, पण जूनमध्ये क्रेडिट कार्डाला हात लावण्यापेक्षा परवडतं.

मिळकतकराबद्दल एक: महापालिकेचं बिल आलं की पडून ठेवू नका, सुरुवातीच्या मुदतीत भरलं तर सर्वसाधारण करात सूट मिळते. आणि घरात तुम्ही स्वतः राहत असाल तर बिलात ४० टक्क्यांची सवलत लागली आहे का, ते डोळ्यांनी तपासा.

पैसे वेगळे ठेवा, तेही पगाराच्याच दिवशी

एकाच खात्यात ठेवलेले पैसे ‘वेगळे’ राहत नाहीत, मनाची कितीही समजूत घातली तरी. दुसरं बचत खातं काढा आणि पगाराच्या दिवशीच ११,००० आपोआप तिकडे जातील अशी सूचना बँकेला द्या. त्या खात्याचं डेबिट कार्ड कपाटात आणि यूपीआय अजिबात जोडायचं नाही. आवर्ती ठेव चालेल, पण मुदत बघा. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती जूनच्या फीच्या कामाची नाही.

भिशीला माझा विरोध नाही. आमची नऊ जणींची आहे, तिथे भेळ आणि गप्पा चांगल्या होतात. पण फीचे पैसे भिशीच्या चिठ्ठीवर सोडू नका. आणि जास्त व्याज देते म्हणून पतसंस्थेत सगळं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की बँकेतल्या ठेवीला माणशी, एका बँकेत, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. विमा असलेल्या सहकारी बँकेच्याही बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभी राहिलेली वयस्कर माणसं पुण्याने पाहिली आहेत, मग पतसंस्थेचं काय?

सोमवारचे पैसे

ठरलेले खर्च आणि हे ११,००० गेल्यावर जे हातात राहतं, ते महिन्याचं समजू नका. महिना फार लांब असतो, पहिल्या दहा दिवसांत माणूस राजा असतो. आठवड्याचं माप धरा. समजा किराणा, भाजी, पेट्रोल, बाहेरचं खाणं मिळून महिन्याला १८,००० आहेत, तर दर सोमवारी ४,००० एका छोट्या खात्यात टाका आणि मोबाइलवरचं यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. वर्षाचे सोमवार ५२, म्हणजे २,०८,०००, आणि तुमच्याकडे वर्षाला आहेत २,१६,०००. चार सोमवारांच्या महिन्यात २,००० शिल्लक राहतात, ते पाच सोमवारांच्या महिन्याला लागतात. २०२६ मध्ये जूनलाच पाच सोमवार आहेत, घ्या!

शुक्रवारी खात्यात ३०० उरले तर शनिवारी घरी पिठलं-भात. कुणाला बोलावं लागत नाही, खातंच बोलतं. कोथिंबीर लिहायची गरजही संपली.

भाजी, किराणा, वीज

इथे लोक बारीकसारीक उपाय खूप सांगतात, मी जे टिकलं तेवढंच सांगते. मंडईत किंवा घराजवळच्या भाजीबाजारात पालेभाजी दिवे लागल्यावर घ्या. उरलेल्या जुड्यांचा वाटा करून देतात, फक्त ती त्याच रात्री निवडून ठेवायची तयारी हवी. आमची एकदा फ्रीजमध्येच सडली आणि स्वस्ताई अंगाशी आली. कांदे-बटाटे-लसूण मात्र तीन-चार घरांनी मिळून रविवारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आणावेत. त्या दिवशी आवक मोठी असते. एकट्याने दहा किलो आणून मोड आणण्यात अर्थ नाही. पेट्रोल जाळून दोन किलो बटाट्यांसाठी गुलटेकडी गाठण्यातही नाही.

जानेवारीत तर बाजारच तुमच्या बाजूने असतो: मटार, गाजर, हरभरा, पालक. संक्रांतीच्या वाणाचंही मी त्यावरच भागवलं. आधी तुळशीबागेतून पंचवीस प्लॅस्टिकच्या डब्या आणायचे, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या दोन मला दुसऱ्यांच्या हळदी-कुंकवात परत मिळायच्या. गेल्या वर्षी कागदी पिशवीत अर्धा-अर्धा किलो मटार दिला. सासूबाईंनी नाक मुरडलं. पण तिळगूळ खाता खाता बायकांनी तिथेच पिशव्या उघडल्या, शेंगा सोलत गप्पा रंगल्या आणि जाताना प्रत्येकीकडे भाजीपुरते दाणे तयार. फरशीवर सालांचा ढीग मात्र आम्ही उचलला.

विजेचं गणित समजून घेतलं तर वागणं आपोआप बदलतं. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि दुसऱ्या टप्प्यातल्या युनिटाचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. १०० ओलांडले की सगळं बिल नव्या दराने लागतं असा समज आहे, तो चुकीचा. महाग दर १०१व्या युनिटापासून वरच्या युनिटांनाच. २,००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट. पुण्याच्या थंडीत चार माणसं वेगवेगळ्या वेळी अंघोळीला गेली आणि दर वेळी पाणी नव्याने तापलं, तर महिन्याला ३०-४० युनिटं नुसती न्हाणीघरातून वाहून जातात. सकाळी एकामागून एक अंघोळी उरका, एवढंच. जुना ७५ वॉटचा पंखा बदलायची वेळ आली तर ३० वॉटच्या आसपासचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा घ्या, पण चालू पंखा काढून फेकू नका. मीटरचं रीडिंग १ तारखेला आणि १५ तारखेला कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या फुल्यांशेजारी.

गाडीऐवजी बस कधी परवडते, तेही एकदा मोजा. पीएमपीचा दिवसाचा पास जून २०२५ पासून ७० रुपयांना आहे. बँक, दवाखाना, लक्ष्मी रोड असं तीन-चार ठिकाणी एकाच दिवशी जायचं असेल तर तो काढा. पेट्रोल वाचतंच, शिवाय पार्किंग शोधत घातलेल्या चकरा आणि उचलून नेलेल्या गाडीचा दंडही.

मोडेल तेव्हा

फेब्रुवारीत कुठेतरी हे मोडेल. कुणाचा दात दुखेल, फ्रीज बंद पडेल. हे खरे अचानक खर्च, त्यांच्यासाठी ११,००० च्या डब्याला हात लावायचा नाही. दर महिन्याला १,००० का होईना, तिसरीकडे टाका. औषधांच्या खर्चात जनऔषधी केंद्रातून फरक पडतो, पण रोजची गोळी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि डब्यातून उसने घेतलेच तर कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा: किती घेतले आणि कोणत्या सोमवारपासून किती परत टाकणार. आमच्या कॅलेंडरवर गेल्या मार्चच्या खालच्या कोऱ्या पट्टीत ‘३,५०० – वॉशिंग मशीन – सोमवारी ५००’ असं आहे आणि पुढे सात फुल्या. सातवी मारायला मुलगा स्टुलावर चढला होता.