कृष्णकमळाच्या वेलीबाबत या चुका टाळा

कृष्णकमळ ज्या पॅसिफ्लोरा प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) मोडते, तिच्यात 500 हून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतल्या आहेत. या वेलींबाबतच्या तक्रारींत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे फुले येतात, पण फळ धरत नाही. त्यावर लोक खत वाढवतात, आणि पहिली चूक तिथेच होते. नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि कळ्या कमी होतात.

खरे कारण फुलाच्या रचनेत आहे. 5 निदले (पाकळ्यांबाहेरची दले) आणि 5 पाकळ्या यांच्या वर तंतूंचे वलय असते, ज्यांना आपण कौरव म्हणतो. मधोमध उभ्या राहिलेल्या दांड्यावर 5 पुंकेसर, त्यांच्या वर अंडाशय आणि त्यातून निघालेल्या 3 कुक्षीवृंतांची (पराग स्वीकारणाऱ्या स्त्री-भागाच्या दांड्यांची) टोके असतात. परागकोश, म्हणजे पुंकेसरांच्या टोकाच्या परागांच्या पिशव्या, खाली तोंड करून असतात, त्यामुळे वलयाच्या तळाशी मध प्यायला आलेल्या मोठ्या काळ्या भुंग्याच्या पाठीला पराग लागतात. मधमाशी मात्र त्या मानाने लहान पडते आणि बहुधा पराग घेऊनच निघून जाते. फूल उमलते तेव्हा कुक्षीवृंत वर उभे असतात आणि नंतर हळूहळू खाली वाकून परागकोशांच्या पातळीला येतात. हाताने परागण करायचे असेल तर हे वाकणे पूर्ण होण्याची वाट पाहावी. काही फुलांत ते वाकतच नाहीत आणि अशी फुले फळ देत नाहीत. त्यांच्यावर वेळ घालवू नये. पिवळ्या पॅशनफ्रूटची (याच प्रजातीतील खाण्याच्या फळाच्या वेलीची) फुले दुपारच्या सुमारास उमलतात, म्हणून सकाळी कुंचला घेऊन जाण्यात अर्थ नाही. संध्याकाळनंतर मिटलेले फूल गळले तर घाबरू नये, कारण एका फुलाचे आयुष्य साधारण एकाच दिवसाचे असते.

पिवळ्या प्रकारात आणखी एक अडचण आहे. ही वेल बहुधा स्वतःचे पराग स्वीकारत नाही. शेजाऱ्यांकडून आणलेल्या एकाच वेलीच्या फांद्यांपासून दोन कुंड्या तयार केल्या, तरी जनुकीयदृष्ट्या ती एकच वेल असते. दुसरी वेल बियांपासून किंवा वेगळ्या मातृवेलीवरून घ्यावी. आणि केवळ शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या कृष्णकमळाकडून पॅशनफ्रूटची अपेक्षाच ठेवू नये.

पानाच्या देठावर बारीक गाठीसारख्या ग्रंथी दिसतात. त्यांतून मधुर स्राव पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. त्या पाहून कीड लागली असे समजून औषध फवारणे ही मला सर्वांत वाईट वाटणारी चूक आहे, कारण याच मुंग्या पाने खाणाऱ्या किड्यांना पळवून लावतात आणि फवाऱ्याने परागण करणारे भुंगेही मरतात. काटेरी अंगाच्या, तांबूस सुरवंटांनी पाने कुरतडली असतील, तर ते बहुधा टॉनी कॉस्टर या शेंदरी फुलपाखराचे असतात. वेल जोमदार असेल तर तेवढी पाने त्यांना सोडावीत. फार झालेच, तर सुरवंट हाताने उचलून दुसरीकडे न्यावेत.

पावसाळ्यात पाने पिवळी पडून वेल मलूल झाली, की सवयीने आणखी पाणी दिले जाते. आधी बोट मातीत खुपसून पाहावे. माती ओली असूनही वेल कोमेजत असेल, तर मुळे कुजत आहेत. अशा वेळी पाणी बंद करून कुंडीची भोके मोकळी करावीत. आधार देतानाही चूक होते. या वेलीचे तणावे बारीक वस्तूभोवती गुंडाळतात, सपाट भिंतीला चिकटत नाहीत, म्हणून तार किंवा जाळीच हवी. फुले चालू हंगामाच्या नव्या फुटव्यांवर येतात. त्यामुळे बहर संपल्यावर बाजूच्या जुन्या फांद्या मागे छाटाव्यात, पण जाड मूळ खोडाला हात लावू नये.

ओळख न पटलेल्या वेलीच्या पानांचा काढा औषध म्हणून पिणे मात्र पूर्णपणे टाळावे. या प्रजातीतील अनेक जातींच्या पानांत आणि कच्च्या फळांत सायनाइड मुक्त करणारी द्रव्ये असतात.